पुसलेला उजेड

२ डिसेंबर, दारव्हा
सकाळभर लग्नाचा अल्बम. नवरदेवाच्या मामाला थोडं गोरं करून द्या म्हणे. दिलं. दहा वर्षं स्टुडिओ चालवतोय, निम्मा तालुका गोरा करून टाकला.
दुपारी नेरच्या खत-बियाणेवाल्याचा फोन. दुकानाच्या कॅलेंडरवर आपल्या भागाचं रात्रीचं आकाश पाहिजे, दहा तारखेच्या आत. आजवर माझं आकाश फुकटात पाहून लोक 'मस्त' म्हणायचे. कुणी मागून घेतलं नव्हतं. फोन ठेवल्यावर उगाचच दुकान झाडून काढलं.
जागा पक्की. गजाननच्या शेतातलं मोहाचं झाड. ध्रुव बरोबर शेंड्यावर येतो. रात्रभर फोटो घेऊन एकावर एक ठेवले की सगळे तारे झाडाभोवती फिरलेले दिसतील. अवस पाच तारखेला.

३ डिसेंबर
ट्रायल. फुकट गेली. गजाननच्या त्या लाल बल्बनं झाड कुंकवानं माखल्यासारखं आलंय.
गजानन म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून रात्री बांधावरच्या तारेत करंट सोडतो. सोडू नये. मी कधी बोललो नाही. करंट चालू असला की मचाणावर लाल बल्ब लावतो. तो दिसला की लोक वरच्या पांदणीनं वळसा घेऊन जातात. अख्ख्या शिवाराला माहीत आहे.
शेजारच्या शेतात हरसिंगकाका जागलीला असतात, तांड्यावरचे. वळसा घेऊन कोरा चहा घेऊन आले. बॅटरी हनुवटीखाली धरायला लावून एक फोटो घेतला, मागे सगळे तारे. स्क्रीनवर पाहून तोंड वाकडं केलं.
"फेटा तिरपा आला ना बे. नेरले पोरगी आहे, तिले दाखवलं तं हासन मले."
"परवा या काका. नीट काढू."
"येतो. पण बसवून काढजो, उभा नको."

५ डिसेंबर, अवस. गाडीत बसून.
थंडी मजबूत. आकाश धुतल्यासारखं. साडेदहाला कॅमेरा लावला, तीस-तीस सेकंदांचे फोटो, पहाटेपर्यंत आपोआप निघत राहतील.
लावला आणि पाहतो तर बल्ब तसाच. ओरडलो, "गजा, तेवढा बल्ब काढ ना आजच्या दिवस!"
"काढतो ना बावा. तुह्या फोटोसाठी कायपण."
विझला. आता खरा अंधार. असा अंधार दारव्ह्यात पैसे देऊन मिळायचा नाही.
एक वाजला. काका काही आले नाहीत. झोपले असतील. मीही झोपतो.

६ डिसेंबर
हरसिंगकाका गेले.
पाचला गजाननच्या ओरडण्यानं जागा झालो. काका बांधापाशी पालथे. बॅटरी हाताजवळ, विझलेली. अंग गार. तांड्यावरून माणसं आली, तांड्याचे प्रमुख, नाईक, म्हणाले हार्ट, वय झालंच होतं. कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही. मीही नाही. दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपलं.
मचाणाखाली तारेचं वेटोळं होतं. रात्री ते तिथं नव्हतं.
इतकंच लिहितो.

९ डिसेंबर
दोन दिवस शटर उघडलं नाही. खतवाल्याचे सात फोन. शेवटी कालपासून बसलो. हात कामात असला की बरं.
फोटो एकावर एक ठेवले. चांगला आलाय. चांगला काय, इतका चांगला मी कधी काढला नाही. डाव्या कोपऱ्यात खाली एक पिवळा ठिपका आणि त्याच्याकडे येणारी रेघ होती, कुणाची तरी बॅटरी. पुसली. विमानाच्या रेघा पुसतो तशीच. पहाटेच्या शेवटच्या फोटोंत उजेड फार, ते घेतलेच नाहीत.
पाठवून दिला.
मूळ फोटो रोजच्यासारखे उडवून जागा करायला पाहिजे होती. कंटाळा केला.

१२ डिसेंबर
काकांची पोरगी आली, सुनीता. तेरावीला लावायला बाचा मोठा फोटो पाहिजे. आधार कार्डावरचा आणला होता. त्यात काका चोरासारखे दिसतात. मी तीन तारखेचा फोटो काढून दाखवला. खूप वेळ पाहत राहिली.
"हाच करा दादा. तेवढा फेटा सरळ करता येते का?"
येते म्हटलं.
जाता जाता पायरीवर थांबली. "एक विचारू? त्या रात्री बानं नवा फेटा बांधलता. पेटीतला. जागलीले कोण नवा फेटा बांधते? आन उजव्या तळव्यावर काळा चट्टा होता. याडी, माही माय, म्हन्ते विस्तवाचा असन. मी कोणालेच काही म्हनत नाही. मले फक्त एवढंच वाटते का, लय वेळ तडफडले असन का? कोणी नव्हतं ना जवळ."
मी दोनशे पावलांवर झोपलो होतो, हे तिला माहीत नाही.

१२, रात्री
तो ठिपका म्हणजे कुणाची तरी बॅटरी नव्हती, काकांची होती.
सगळे फोटो एकेक करून उघडले. पहिल्या नऊ फोटोंत मचाणावर लाल. दहाव्यात काळोख.
एक चाळीसला काकांच्या शेतातून उजेडाची रेघ निघते. वळसा घेत नाही. लाल दिसत नाही म्हटल्यावर कशाला घेतील? सरळ बांधाकडे, माझ्या गाडीकडे. एक सेहेचाळीसला थांबते. पुढच्या फोटोत तिथंच. त्याच्या पुढच्यात तिथंच. दोन तास तिथंच, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. मग मंद. मग नाही.
साडेचारला दुसरी बॅटरी. आधी मचाणाकडे जाते. मग तारेच्या कडेकडेनं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग काकांपाशी.
बल्ब काढ म्हणालो, करंट बंद कर म्हणालो नाही. धरून चाललो की दोन्ही बंद केलं असेल. विचारायला तोंड होतं, विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त झाड होतं.
काका तडफडले नाहीत. जागच्या जागी गेले. सुनीताला हे सांगू शकेल असा मी एकटाच माणूस आहे, आणि ते मला कसं माहीत हे सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

१३ डिसेंबर
गजाननकडे गेलो. फोनवर ते फोटो त्याच्यापुढे धरले. पाहिलं नाही, मान फिरवली.
"डुकरं आलते बारा वाजता. चालू केला अन डोळा लागला माहा. बल्बचं ध्यानातच नाही राह्यलं."
"तार का गुंडाळली मग?"
"मंग काय करू? दोन लेकरं आहेत मले." मग जवळ येऊन, "डिलीट केले का नाही तू?"
"नाही."
"कर ना बावा. बल्ब काढ कोन म्हनलं होतं? तूच म्हनला ना? मले आत टाकतीन तं तुले काय हार घालतीन?"
खरं आहे त्याचं. राग आला तो त्याचाच की माझाही, ठरवता येत नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला. पिऊन आलो. नाही म्हणायला जमलं नाही, याची शरम वाटतेय.

१५ डिसेंबर
काकांचा फोटो केला. फेटा सरळ केला. मागचे तारे ठेवले. फोटोतून सरळ माझ्याकडे पाहतात.
डिलीटच्या बटणावर दोनदा बोट नेलं. खोटं कशाला लिहू, तीनदा.

१६ डिसेंबर
कॅलेंडर आलं. प्रत्येक महिन्याखाली तोच मोह, तेच तारे, खाली कोपऱ्यात स्वच्छ काळोख. खतवाला भलताच खूश. दुकानोदुकानी लागणार, वर्षभर.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून न पुसलेला प्रिंट काढला. तीच साइज. रेघ, ठिपका, सगळं.

१७ डिसेंबर
सुनीता सकाळच्या एसटीनं आली. काकांची फ्रेम दिली. पदरानं काच पुसली, छातीशी धरली. कॅलेंडर आणि न पुसलेला प्रिंट मी काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवून दिले होते. तोंडानं सुरुवात होत नाही माझ्याच्यानं, म्हणून.
"हे तं गजाननभाऊचं झाड," म्हणाली. वाकून पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.
चहा सांगायच्या निमित्तानं आत आलो, हे लिहितोय. ती बाकावर बसली आहे. कॅलेंडर बाजूला सारलंय, प्रिंट मांडीवर फ्रेमच्या वर आहे आणि बोट डाव्या कोपऱ्यात. दोनदा विचारून झालं तिचं.
"दादा, यात हा उजेड आहे, त्यात नाही. कायचा आहे हा?"