चौकात डोळे मिटून

प्रिय ठमे,

परवा मी आणि तुझे बाबा शहरात जाऊन आलो. फोनवर मी तुला फिरायला गेलो होतो म्हणाले, ते खरं नव्हतं. बाबांचे डोळे दाखवायला गेलो होतो. आयुष्यभर बंदरातल्या होड्यांवर नावं रंगवली त्यांनी, तीही रेघेला पट्टी न लावता. मध्यंतरी एका होडीवर अक्षरं पार तिरकी गेली. मालक तोंडावर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाऱ्याकडून नाव पुसून घेतलं. बाबा घरी येऊन नुसते ब्रश धूत बसले. जेवले नाहीत.

शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी पहाटेच गाडी काढली. समुद्र मागे पडला तसे बाबा रंगात आले आणि रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्यानं वाचायला लागले. पाट्या भलत्याच होत्या गं. पेट्रोल पंपाला शाळा म्हणाले. काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे, दादा." मी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची होती, समजुतीनं बोलली. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार टिकणार नाही, म्हणाली. ऑपरेशनाचा उपयोग नाही. बाबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता भाजी चिरायच्या कामातून माझी सुटका?" ती हसली नाही. मीही नाही. एकटेच हसले बिचारे.

परतताना म्हणाले, आलोच आहोत तर बाजारातून जाऊ. एरवी गर्दी म्हटली की चार हात लांब राहणारा माणूस. दिवे लागले होते, कोणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं, आइस्क्रीमच्या गाडीभोवती झुंबड होती. बाबा चौकात उभे राहिले आणि म्हणाले, "काय काय आहे, सांग." मी सांगत सुटले, लाल छत्र्या, फुगेवाली, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोर. वळून बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पुढच्या दिवसांचा सराव करत होते ते. सगळं शहर आमच्याभोवती हसत-खिदळत होतं.

तुला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. पोरीच्या जिवाला उगाच घोर नको म्हणे. मी गप्पही बसले असते. पण आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात, चांगल्या लख्ख उजेडात उभी होते आणि त्यांनी विचारलं, "कोण आलंय?" बरे होतील अशी आशा मला उरलेली नाही, तुला तरी खोटी कशाला दाखवू? खिडकीपाशी, अगदी जवळून बघितलं तर अजून थोडं दिसतं त्यांना. रजा मिळो न मिळो, निघून ये. मी लिहिलंय हे बोलू नकोस. नुसती त्यांच्यासमोर जाऊन बस, आणि त्यांना पोटभर बघू दे.

वाट बघते आहे.

तुझीच,
आई