आधी पाना, मग रंग

अण्णा,

तुमचा दहा नंबरचा पाना चार दिवस सापडत नव्हता, आणि या प्रकरणी रीतसर तक्रार नोंदवावी असं तुमच्याखेरीज कोणी उरलेलं नाही. घरातल्या तीनही सज्ञान व्यक्तींची चौकशी झाली. तुमच्या सुनेनं "मला काय नट आवळून पोळ्या लाटायच्यात?" असा जबाब दिला. तुमच्या नातीनं जबाब देताना मोबाइलमधून मान वर केली नाही. तिसरा इसम मी. माझी चौकशी मीच केली आणि मला निर्दोष सोडलं. एवढ्याशा पान्यासाठी वडिलांना, तेही जाऊन चौदा वर्षं झालेल्या वडिलांना, पत्र लिहिणं शोभत नाही हे मान्य. पण तो पाना तुम्ही दिलेला. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो त्या संध्याकाळी तुम्ही तो कारखान्यातून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होतात. "इतकं शिकलास, आता हातालाही काहीतरी येऊ दे," म्हणालात. माझ्या पदवीचा सत्कार एवढाच झाला, आणि खरं सांगायचं तर तोच लक्षात राहिला.

आता तुम्ही विचाराल, सूचना लिहून पोट भरणाऱ्या माणसाला पाना लागतो कशाला. सांगतो. मी मोटारसायकल घेतली आहे, अण्णा. चिनी. तुम्ही ज्या कारखान्यात जन्मभर दुचाक्या तपासल्यात त्याच्या फाटकासमोरून मी ती घेऊन दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा मान खाली घालून. डांबरावर चालते आणि डांबर संपल्यावरही चालते असा तिचा दावा आहे. करकोच्यासारखी उंच, पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, सीटवर बसलं की माझ्या पायांचे फक्त चवडे टेकतात. नगर रस्त्यावरच्या एका हौशी माणसानं असल्या गाड्या सुट्या भागांत, खोक्यांतून मागवल्या, दुकानात जोडल्या आणि स्वस्तात विकल्या. सहा महिन्यांत दुकान गेलं. तिथे आता मॉड्युलर किचनं मिळतात. जोडल्या म्हणजे काय, तर नट हातानं फिरवले आणि पुढचं दैवावर सोपवलं. पहिल्या आठवड्यात डावा आरसा पडला, दुसऱ्यात नंबरप्लेट गेली, आणि तिसऱ्यात सायलेन्सर देहत्यागाच्या विचारात दिसला. तेव्हा मला समजलं की ही गाडी मी विकत घेतलेली नाही, मला ती नुसती नेमून दिली आहे.

मग मी ती मुळापासून उघडली. इंजिनात जहाजातूनच आलेलं ऑइल होतं, भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं, ते काढून टाकलं. हँडलच्या बेअरिंगमध्ये नखावर मावेल एवढं ग्रीस होतं, तिथे मूठभर भरलं. चाकाची एकेक तार काडीनं वाजवून पाहिली, बद्द आवाजाच्या तारा ताणून घेतल्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल इतकं जपून यायचं की थंडीत गाडी सुरूच व्हायची नाही, म्हणून आतला पितळी जेट बदलला. सोबतचं मॅन्युअल म्हणजे निव्वळ सूत्रवाङ्मय. 'साखळी सैल असल्यास सैल नसेल अशी करावी.' 'बोल्ट पुरेसा घट्ट होईपर्यंत घट्ट करावा.' पुरेसा म्हणजे किती, तर घट्ट होईल इतका. याला आमच्या शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात आणि विद्यार्थ्याचे मार्क कापतात. मी मात्र हसू शकत नाही. कॉलेजात दहा वर्षं तासिकेवर शिकवून झाल्यावर, देशाची दारं उघडली तेव्हा मीही सॉफ्टवेअर कंपनीच्या दारातून आत शिरलो आणि तेव्हापासून हेच लिहितो आहे. तुम्हाला ते कधी पटलं नाही. "म्हणजे तू सूचना लिहितोस," तुम्ही म्हणालात, "आणि यंत्र कोण बघतं?" मी म्हटलं, "यंत्र नसतं, अण्णा." तुम्ही विचारलंत, "मग सूचना कशाच्या?" वीस वर्षांत याहून नेमका प्रश्न मला एकाही मॅनेजरनं विचारलेला नाही.

गाडीचं भवितव्य तसं ठरलेलंच आहे. सुटे भाग येणं बंद झालं. हेडचं गॅस्केट मी एका जुन्या गाडीचं घासून बसवलं आहे, क्लचची केबल स्कूटरची आहे, आणि चार्जिंगचा छोटा काळा डबा जळाला तेव्हा मी तो हातात घेऊन बुधवार पेठेत फिरलो. एका दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला. "कशाचा आहे?" "मोटारसायकलचा." "कुठली मोटारसायकल?" "चिनी." "मग तिकडे विचारायचंत," असं म्हणून त्यानं तो परत दिला, आणि मी पायरी उतरल्यावर मागून हाक मारली, "अहो, तसाच एक आहे माझ्याकडे. पण बसला म्हणजे चालेल असं समजू नका." बसला. चालतोही आहे. समजत मात्र मी काहीच नाही.

दर महिन्याला सगळे नट तपासायचे आणि तपासून झाले की पिवळी रेघ ओढायची, हे मात्र मी चुकवत नाही. नटावरून निघून खालच्या पत्र्यावर उतरणारी, तांदळाएवढी. नट हलला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. तुमच्या कारखान्यातल्या लाइनवरची पद्धत. आपलं विश्रांतवाडीचं दोन खोल्यांचं घर, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल म्हणून स्वयंपाकघरात घेतलेली तुमची सायकल, रविवारची सकाळ. सायकल पोत्यावर उलटी ठेवलेली आहे, आई पलीकडे भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही आंघोळीला गेला आहात. मी नऊ वर्षांचा. तुम्हाला खूश करावं म्हणून मी तुमच्या पिवळ्या रंगाच्या बाटलीतल्या कुंचल्यानं सगळ्या नटांवर सुंदर रेघा ओढतो. तुम्ही पंचा गुंडाळून येता, बघता, पाना उचलता. तिसरा नट पान्याखाली सहज फिरतो.

"रंग कुणी लावला?"

"मी."

"आवळला होतास?"

"नाही."

"मग ही खोटी सही झाली," तुम्ही म्हणता. आवाज चढलेला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटते. "सैल नट परवडला. तो वाजतो, माणूस थांबतो, बघतो. रंग लावलेल्या सैल नटाकडे कुणी बघत नाही. आधी पाना, मग रंग." आई म्हणते, "अहो, लहान आहे तो." तुम्ही म्हणता, "नट लहान-मोठा बघत नाही." त्या दिवशी मी रॉकेलच्या फडक्यानं सगळ्या रेघा पुसल्या, सगळे नट आवळले आणि पुन्हा रेघा ओढल्या. मनगटाला कुठे थांबायचं कळतं, ते तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंत. भाकरी गार झाली होती. तुमचीही.

संस्कृतचंही तुम्हीच ठरवलंत. आठवीत विषय निवडायचा होता. वस्तीतले लोक म्हणाले, आपल्याला काय करायचंय ते, ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर पडू दिलं नाही त्यांचं त्यांना लखलाभ. तुम्ही म्हणालात, "घे संस्कृत. बघू तर खरं, आत काय ठेवलंय." भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बसून मी शब्दरूपं घोकायचो आणि तुम्ही डबा भरता भरता ऐकायचात. आत काय होतं ते मी तुम्हाला शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. बरंचसं व्याकरण होतं, अण्णा.

तुमचं सुरू झालं ते निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा तुम्ही एकसष्टचे होतात. रंगाची बाटली सदऱ्याच्या खिशात आली. आधी दाराच्या कडीवर रेघ दिसली, मग नळावर, कुकरच्या कानावर, नातीच्या कंपासपेटीवर. आम्ही हसायचो. पाहुण्यांना सांगायचो, आमच्याकडे इन्स्पेक्शन चालू आहे. मग एका सकाळी घरभर गॅसचा वास आला. रेग्युलेटर सिलिंडरवर तिरका बसलेला होता, आणि त्याच्यावर ताजी, सरळ, सुबक पिवळी रेघ. आईनं तुमच्या खिशातून बाटली काढून घेतली. तुम्ही तिचं मनगट धरलंत आणि काकुळतीनं म्हणालात, "अहो, लाइन थांबेल." तिला तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा अहो म्हणालात. पुढे एकदा मी ऑफिसला निघालो असताना मला विचारलंत, "आपण कोणत्या शिफ्टला?" मी म्हटलं, "जनरल." "मग अजून इथे काय करताय?" हे वाक्य मी बरीच वर्षं विनोद म्हणून सांगत आलो.

परवाची गोष्ट. तुमच्या नातीला उद्या, शनिवारी, ताम्हिणी उतरून कोकणात जायचं आहे, एकटीनं, या गाडीवर. माझ्यापेक्षा ती बरी चालवते, तिचे पाय पूर्ण टेकतात. आम्ही तुम्हाला अहो-जाहो करायचो, ती मला अरे-तुरे करते, आणि गाडीला म्हातारी म्हणते. बुधवारी संध्याकाळी ती फाटकाशी गाडी धूत होती. "बाबा, इकडे ये जरा." मी गेलो. पुढच्या चाकाचा ब्रेक तिनं मुठीत धरला होता आणि तो अख्खा हलत होता, हलणाऱ्या दातासारखा. रविवारी मी ब्रेकचे पॅड बदलले होते, त्यासाठी तो उतरवून पुन्हा चढवला होता. त्याला धरून ठेवणारे दोन बोल्ट. दोन्ही तिच्या बोटांनी फिरले. दोन्हींवर पिवळी रेघ होती, ताजी आणि सरळ, तुमच्या हातची वाटावी अशी.

"रंग लावलास आणि आवळायचं विसरलास. टिपिकल बाबा," ती म्हणाली आणि स्वतःच्या सेटमधला पाना आणून तिनं ते आवळले. "घाटात उतरताना काय झालं असतं माहितीये?" हे तिनं हसत विचारलं. मी म्हटलं, "माहितीये." मग तासाभरानं आतून हाक. "बाबा, तुझा तो हरवलेला पाना सापडला. चष्म्याच्या घरात आहे. मग चष्मा कुठे ठेवलास?" मी म्हटलं, "नाकावर." ती हसून हसून खाली बसली. तुमची सूनही हसली. मीही हसलो, जरा जास्तच.

प्रश्न विसरण्याचा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. पंचावन्नाव्या वर्षी माणसं विसरतात, मी तर लायब्ररीची पुस्तकं पंचविसाव्या वर्षीही विसरायचो. पण त्या रविवारी शेजारच्यांकडे क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, घरात आमटीला फोडणी बसली होती आणि मी खाली सतरंजी टाकून बसलो होतो. पहिला बोल्ट आवळला, मनगटाला कळलं, थांबलो. दुसरा आवळला, थांबलो. मग बाटलीचं झाकण उघडलं. हे मला आठवतं, त्या बोल्टाच्या थंडपणासकट आठवतं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, स्मृतीला प्रमाण मानत नाहीत, आठवण हा त्यांच्या लेखी पुरावा नव्हे. मी हे दहा वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं, चार मार्कांना हमखास यायचं, आणि मला ते फार पंडिती वाटायचं.

आज सकाळी मी बाटली तिच्या हातात दिली. "यापुढे रंग तू लावायचास." "का रे, रिटायर होतोयस?" "हो. मान्यवरांच्या हस्ते सत्कार आहे." तिला वाटलं बढती मिळाली. मी खुर्चीत बसून यादी वाचत गेलो आणि तिनं एकेक नट पान्यानं पाहिला, मग रेघ ओढली. तिच्या रेघा वाकड्या येतात. एकही सैल निघाला नाही. यादी संपल्यावर तिनं विचारलं, "झालं ना सगळं?" आणि मी यादी तिच्याच हातात दिली. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचली. उद्या सहाला निघेल. गाडीची मला काळजी नाही, अण्णा, ती आज ना उद्या भंगारात जाणारच आहे.

हे पत्र गाडीच्या मॅन्युअलमध्ये ठेवतो. तिथे कुणी बघत नाही, हे माझ्या धंद्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे. घरात कुणाला काही बोललेलो नाही, डॉक्टरलाही नाही. तुम्हाला मात्र एक विचारायचं राहिलं. रेग्युलेटरवर रेघ ओढलीत त्या सकाळी, तो नीट दाबून बसवल्याचं तुम्हालाही आठवत होतं का? आम्ही ओरडत होतो तेव्हा तुम्ही आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होतात ती मी वेडेपणाची समजलो होतो.

ते दोन बोल्ट मी आवळल्याचं मला आत्ताही लख्ख आठवतंय. मला त्याचीच भीती वाटते.