पाय टेकतील अशी गाडी

चऱ्होली बुद्रुक,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. खंडूस,

आईचा आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघा सोडून. तू बरा असशीलच, कारण फोनवर तू रोज तेवढंच सांगतोस आणि ठेवतोस. म्हणून हे पत्र. कागदाला 'बरं आई, लाइनवर जायचंय' म्हणता येत नाही.

लिहितेय तुझी लेक. मी बोलते, ती लिहिते. मी चार वाक्यं बोलले की ती दोनच लिहिते असा मला संशय आहे, पण वाचता येत नाही तर धरणार कशी? तेव्हा योगिनी, सगळं लिही. 'सगळं लिही' म्हणाले तेसुद्धा लिही. हसू नको, अक्षर वाकडं येईल.

दिवाळीला आलास आणि भाऊबीज आटोपल्या आटोपल्या वाळूजची एसटी धरलीस. रजा सोमवारपर्यंत होती हे मला विजयश्रीनं सांगितलं. तुझी बायको तुझ्याविरुद्ध सहसा तोंड उघडत नाही, त्या दिवशी उघडलं. चिवड्याचा डबा विसरलास. तो आम्ही संपवला.

आता मुद्द्याचं. पोरीला मोटरसायकल हवी असं ती म्हणाली, तू 'आईची शपथ आहे' म्हणालास आणि ताटावरनं उठलास. तिला ती का हवी हे विचारलंसुद्धा नाहीस. तर ऐक. तिच्या चाकणच्या कंपनीची बस आपल्या फाट्यावर यायची, ती दसऱ्यापासून बंद झाली. आता बस मोशीच्या चौकातनं पकडायची, पहाटे पाच चाळीसला. इथनं तिथवर त्या वेळी रिक्षा मिळाली तर मिळाली. दोनदा तिला उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला की नाव वर जातं, आणि जानेवारीत पर्मनंट करायची यादी लागणार आहे. तीन वर्षं पोरीनं त्या यादीसाठी मान मोडून काम केलंय. आता सांग, तुझी शपथ तिला मोशीला सोडायला येणार आहे का?

सगळे म्हणतात, पोरीच्या जातीला स्कूटर घ्या. मीही म्हणाले होते. तर ही मला म्हणते, 'आजी, मी दिवसभर लोकांच्या गाड्यांचे गिअर तपासते, माप बसलं नाही तर बाजूला काढते, आणि स्वतःला बिनगिअरची घेऊ?' शिवाय आपल्या रस्त्याला खड्डे किती, त्यात स्कूटरचं चाक केवढंसं. मला पटलं. तुला पटलं नसतं तरी निदान भांडायला तरी बसायचं होतंस.

दिवाळीआधीच तीन रविवार आम्ही दोघी दुकानं फिरलो होतो. 'नुसतं बघायला' म्हणायची. बुक करायचं नाही, नुसतं बघायचं. साडी घ्यायची नसताना दुकानातले सगळे गठ्ठे उसकटायला लावतात तशातला प्रकार.

पहिलं दुकान भोसरीत. तिथली गाडी एवढी उंच की हिचे नुसते चवडे टेकत होते. विकणारा म्हणतो, 'मॅडम, आठ दिवसांत सवय होते.' मी म्हणाले, 'आणि ते आठ दिवस पडायचं कुणी? तू येणार का?'

दुसरं पिंपळे सौदागरला. काचेचं, आत एसी, चप्पल काढावी की काय असं वाटणारं. तिथल्या गाडीवर बसायचं नाही, पालथं पडायचं. हँडल तिकडं लांब. मागची सीट पानाच्या डब्याएवढी आणि तीही माळ्यावर ठेवल्यासारखी. रंग लाल. तुझ्या लेकीचे डोळे बघायला हवे होतेस. मी विचारलं, 'यावर मी कुठं बसू?' तर म्हणते, 'आजी, ही गाडी तुझ्यासाठी नाहीये.' बरं, माझं जाऊ दे. डबा कुठं ठेवणार? रेनकोट? चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागं अर्धा अर्धा तास तसंच पालथं पडून राहिलीस तर मनगटं राहतील का?

तिसरं मोशीत. तिथं सनी म्हणून एक पोरगा आहे, बोलतो कमी, म्हणून मला बरा वाटला. त्यानं साधी काळी गाडी दाखवली, एकशेपंचवीसची. सीट खाली, चांगली रुंद. योगिनी बसली, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. सनीनं तिला गाडी बसल्या बसल्या पायानं मागं ढकलायला लावली, तीही ढकलली. म्हणाला, 'नवीन माणसानं आधी एवढंच बघावं. पाय टेकतायत का आणि वजन पेलतंय का.' शहाणा आहे. ही मात्र तोंड वाकडं करून म्हणते, 'आजी, ही दूधवाल्याची गाडी आहे.' मी म्हणाले, 'दूधवाला रोज पहाटे निघतो आणि रोज घरी येतो.'

मग मीही बसून बघितलं. सनीनं स्टूल आणलं. मी नऊवारीची, दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत बसले. विजयश्रीला एका बाजूला बसावं लागेल, तिच्या सहावारीसाठी चाकाला जाळी आहे. दुकानातली पोरं मोबाइल काढून उभी राहिली. एकाहत्तराव्या वर्षी माझा सिनेमा निघाला.

गाडी तुझ्याच कंपनीची निघाली, तुमच्या वाळूजची. योगिनीनं खाली वाकून मागच्या चाकाच्या नटावर बोट ठेवलं आणि सनीला म्हणाली, 'हे माझे पप्पा बसवतात.'

चालवायला ती शिकतेय. लर्निंग लायसन काढलंय. मामाचा समर्थ त्याची गाडी घेऊन येतो, मागच्या बिल्डिंगच्या मोकळ्या प्लॉटवर. मी रंगाची रिकामी बादली पालथी घालून बसते. पहिल्या दिवशी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद. मी मोजलं, अकरा वेळा. समर्थनं 'हळू सोड, दीदी, हळू' म्हणून घसा बसवून घेतला. बाराव्यांदा गेली. थेट भिंतीपर्यंत गेली आणि तिथं थांबलीसुद्धा.

एवढं सगळं झालं, गाडी ठरली, आता बुक कर म्हटलं तर करत नाही. का, तर पप्पांनी शपथ सांगितली. आजीच्या गळ्याची शपथ, घरात गाडी आली की आजी जाणार! अरे, शिकलेली पोरगी, हातात मायक्रोमीटर घेऊन काम करते, आणि माझ्या गळ्यावरनं अडून बसलीय! गळा माझा. मला कुणी विचारलं का?

योगिनी, आता पेन ठेव. खाली जाऊन कोथिंबीर आण. असू दे घरात, आणखी आण. आणि येताना शालनबाईला वर पाठव.

इथून पुढं अक्षर बदललेलं दिसेल. आता लिहितेय ती खालच्या मजल्यावरची शालनबाई. बचत गटाच्या सभांचं ती लिहिते. तिला बजावलंय, मधे कुठं 'सर्वानुमते' घालू नकोस, कारण पुढचं मी एकटीनंच केलंय.

खंडू, तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझे वडील जाऊन तेरा दिवस झाले होते. मी तुझा हात धरून माझ्या गळ्याला लावला आणि म्हणाले, मोटरसायकलवर कधी बसणार नाहीस, माझी शपथ. मागंसुद्धा बसणार नाहीस. तू 'बरं' म्हणालास. त्या वेळी दोस्ताच्या गाडीवर तू चोरून शिकला होतास, चांगली चालवायचास, हे मला माहीत होतं. तुला वाटतं माहीत नव्हतं.

तुला मी सांगितलं होतं की वडील गाडीवरनं पडले, आतनं मार लागला, त्यातच गेले. लोकांनाही तेच सांगितलं. सांगून सांगून ते इतकं पक्कं झालं की मधली काही वर्षं माझाही त्यावर विश्वास बसला होता.

शालनबाई, थांबू नको. लिही.

तसं नव्हतं. पडले होते ते खरं, आळंदीच्या रस्त्यावर, पण मनगट मोडलं आणि दीड महिन्यात प्लास्टर निघालं. ते गेले ते आठ महिन्यांनी, काविळीनं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, लिव्हर जुनंच खराब आहे, त्या पडण्याचा आणि याचा काही संबंध नाही. कशानं खराब झालं तेही सांगितलं. ते तुलाही ठाऊक आहे, बाटल्या तूच भंगारवाल्याला द्यायचास. पण बापाचं ते नाव लेकाच्या तोंडी यायला नको म्हणून मी गाडीचं नाव सांगितलं. एवढंच असतं तरी चाललं असतं.

खरं कारण वेगळं. तुझा दोस्त गणराज, त्याच्या घरी गाडी आली आणि वर्षाच्या आत तो चाकणला खोली करून राहिला. त्याची आई आठवड्यातनं एकदा त्याची वाट बघत ओट्यावर बसायची. मी ती बघितली होती. घरात आपण दोघंच उरलो होतो. मला वाटलं, याच्या बुडाखाली गाडी आली की हाही जाणार. म्हणून मी तुझे पाय बांधले आणि वर तुझ्या वडलांचं नाव लावलं.

तू ती शपथ अशी पाळलीस की मलाच तुझी भीती वाटायला लागली. योगिनीच्या वेळी विजयश्रीला कळा सुरू झाल्या. दारात शेजाऱ्याची गाडी उभी होती, तो 'चल, पटकन जाऊन रिक्षा आणू' म्हणत होता. तू बसला नाहीस. पळत फाट्यापर्यंत गेलास. मी खिडकीतनं बघत होते.

आणि ते एक. तुला वाटत असेल मी विसरले. तू चोविशीत होतास, तुझे साहेब घरी आले होते. कंपनीच्या आतल्या ट्रॅकवर नव्या गाड्या फिरवून बघायला माणसं हवी होती. साहेब म्हणाले, 'मावशी, याला सगळं कळतं, नुसत्या आवाजावरनं खोट सांगतो. पण गाडीवर बसायचं नाही म्हणतो. तुम्ही सांगा.' तू दारात उभा होतास. नुसता माझ्याकडं बघत होतास. मी तांदूळ निवडत होते. एक शब्द म्हणायचा होता. लहानपणी खेळताना तुम्ही पोरं म्हणायचात ना, 'सुटली म्हण, सुटली म्हण'? तेवढाच. मी मान वर न करता विचारलं, 'साहेब, चहा घेणार का?'

साहेब चहा घेऊन गेले. तू त्यानंतर चोवीस वर्षं मागची चाकं बसवलीस. दिवसाला किती, महिन्याला किती, देव जाणे. सगळी गावं तुझ्या चाकांवर फिरतात आणि तू एसटीच्या फलाटावर उभा.

आणि एवढं करून तू गेलासच की. कंपनीनं वाळूजला पाठवलं, दोन वर्षं झाली. मी बांधून ठेवलेला मुलगा आता महिन्यातनं एकदा येतो, तोही एसटीनं, दमून. माझी अक्कल बघ.

हे फोनवर सांगता आलं असतं. तीनदा फोन लावला. दोनदा तू उचलायच्या आत मी ठेवला. तिसऱ्यांदा 'शपथ सोडते रे' म्हणाले, तर तू म्हणालास, 'आई, पोरीसाठी म्हणतेस, मला कळतं.' पोरीसाठी नाही. पोरीसाठी म्हटलं असतं तर तिलाच सांगितलं असतं. हे तुझं आहे, म्हणून आधी तुला.

मी एकाहत्तरची आहे. आज ना उद्या जाणार, गुडघा तर पुढंच निघालाय. गाडी घरात आली आणि मी पुढच्या महिन्यात गेले, तरी ते म्हातारपणानं जाईन. तुझ्या वडलांचं मरण मी गाडीच्या नावावर लिहिलं. माझं कुणी लिहू नका.

योगिनीला यातलं काही ठाऊक नाही. काय सांगायचं आणि किती, ते तू ठरव. पण पुढच्या रविवारी ये. तिला घेऊन मोशीला जा आणि सनीसमोर त्या नटावर तू स्वतः हात ठेव. लाल गाडीवरनं ती अजून हळहळते, तिला तू समजाव, माझं ऐकून ऐकून कंटाळलीय. आणि तुझ्याकडं लायसन नाही, हे कारण सांगू नको. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीसुद्धा लर्निंग मिळतं. मी सनीला विचारलंय. प्लॉट मागंच आहे, समर्थला मी सांगते, बादलीवर बसायला मी आहे. तुझी गाडी कितीदा बंद पडते ते मला मोजायचंय.

रागव. भांड. पण येऊन भांड, फोनवर नको.

आता शालनबाई, पुढचं मी म्हणते तसंच लिही, तुझा शब्द घालू नको.

खंडू, मी कस्तुरा रंगराव, तुझी आई. एकोणिसाव्या वर्षी तुला घातलेली शपथ सुटली. सुटली. तेव्हाच सुटायला हवी होती.

कस्तुराबाईंचा डाव्या अंगठ्याचा ठसा खाली आहे. माझ्यासमोर दिला. पहिला ठसा फिसकटला, दुसरा नीट उमटला. फिसकटलेला खोडू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, त्याला दोन्ही बघू दे.

— शालनबाई