आईच्या कॅसेटमधल्या बांगड्या

बाबा, परवा क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमचा तासभराचा रेकॉर्ड केलेला धडा एवढ्याशा फाइलमध्ये मावतो कसा? नेहमीचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि नंतर सांगते म्हणाले. ते उत्तर पहिल्यांदा तुम्हालाच दिलं होतं, अकोटला, आपल्या स्वयंपाकघरात.

तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर होतात, म्हणून तुम्हाला पटेल असं सांगितलं. ढीगभर रुई दाबून तुम्ही गाठ बांधता ना, तसंच हे. सूतगिरणीत पट्ट्या तोडल्या की गाठ पुन्हा फुगते, आतलं काही कमी होत नाही. माझ्या शब्दावर तुम्ही आईच्या कॅसेट माझ्या हवाली केल्यात. आईला लिहिता येत नव्हतं. मी अमरावतीला होस्टेलवर असताना ती भाकरी थापता थापता टेपसमोर बोलायची आणि तुम्ही कॅसेट सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचात. ती माझी पत्रंच होती. आई गेल्यावर मी ती सगळी एका सीडीत कोंबली आणि कॅसेट भंगारवाल्याला देऊन मोकळी झाले.

तो दिवस अजून दिसतो. सीडी लावली आहे. तुम्ही पाटावर बसून ऐकता आहात. मग म्हणता, "हे तुई माय नाई वाटत. तिच्या बांगड्या कुठी गेल्या?"

मी चिडले. प्रेसच्या धडधडीनं तुमचे कान गेलेत, मशीन चुकत नाही, असं तोडून बोलले. तुम्ही उठून अंगणात गेलात. त्यानंतर ती सीडी लावायला तुम्ही कधी सांगितलं नाही.

परवा घरी येऊन वाचत बसले. आवाज लहान करायच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे. एक खरंच तुमच्या गाठीसारखी, उघडली की सगळं परत मिळतं. दुसरीत फाइल फार लहान होते, पण त्यासाठी काही फेकावं लागतं. मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज, अगदी वरची किणकिण, माणसाला फारसं कळणार नाही असं जे जे वाटेल ते. फाइल जितकी लहान, तितकं जास्त फेकायचं. सगळं एकाच सीडीत बसावं म्हणून मी सगळ्यांत लहान निवडली होती. मी गाठ बांधलीच नव्हती, बाबा. मी कापूस जिनमध्ये घातला आणि सरकी समजून आईच्या बांगड्या काढून टाकल्या.

तुम्ही गेल्यापासून बंद असलेली तुमची ट्रंक काल उघडली. नट-बोल्टच्या पान्यांखाली एक कॅसेट निघाली. ती तुम्ही मला दिलीच नव्हती. परतवाड्याच्या एका रेडिओवाल्याकडे चालू टेप मिळाला. "जेवली काय वो पोरी?" आई विचारते, आणि भाकरीच्या प्रत्येक थापेला बांगड्या वाजतात. त्या दुकानात मी रडले.

हे पत्र कोणत्या कंडक्टरजवळ देऊ? वहीतच राहू दे. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी सीडीत बांगड्या मलाही ऐकू आल्या नव्हत्या. पण कॅसेट भंगारात गेल्या होत्या, परत मिळणार नव्हत्या, म्हणून माझी चूक मी तुमच्या कानांवर ढकलली.