भाजीमळ्याच्या तुकड्यासाठी लागलेला क्यू

थॉर्नबी, मंगळवार

आदरणीय एनिड आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. डावा बरा असेलच, उजव्याचं कळव. मी मजेत आहे (मोजे ओले आहेत, पण ते नेहमीचंच).

पालिका भाजी लावायला भाड्याने देते त्या मळ्यातल्या जशा तुकड्याची तू अकरा वर्षं वाट बघतेयस, तसा एकच यंदा सुटला होता, आणि रांगेत पहिला येईल त्याला मिळणार होता. म्हणून तुझ्या वतीने मी शनिवारी सकाळी सातला कुंपणापाशी हजर. वाटेत कालव्यावर एक बोट बघत रेंगाळलो (हिरवी, टपावर कोंबडी), तरी पुढे फक्त एक टोपीवाले आजोबा. मी त्यांच्या मागे, आणि बघता बघता माझ्या मागे एकतीस जण. 'क्यू' या शब्दाचा अर्थ शाळेत कुणी धड सांगितला नाही, म्हणून लिहून ठेवतो: पुढच्याच्या पाठीवर भरवसा ठेवून उभं राहणं. कशासाठी, ते विचारणं असभ्यपणाचं.

नऊला झुडपातून कुत्रा बाहेर आला. आजोबा त्याला म्हणाले, "झालं का तुझं?" आणि दोघं घरी गेले.

कचेरीचं दार पलीकडच्या बाजूला निघालं. तिथे हॅदरसेज नावाच्या एक बाई सहापासून एकट्या उभ्या. आम्ही क्रम न मोडता वळसा घालून पोचलो. एवढी रांग बघून बाई ओशाळल्या. "माफ करा हं, मी मध्येच घुसले वाटतं," म्हणाल्या आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

दार उघडून कारकून मला म्हणाला, "या, नाव सांगा." तुझं नाव अगदी ओठांवर होतं गं. पण मागे तेहतिसाव्या जागी बाईंची छत्री दिसली, आणि मी बोलून गेलो, "पहिल्या त्या आहेत."

मागचा एकजण म्हणाला, "मग आम्ही दोन तास कुणाच्या मागे उभे होतो?"

"कुत्र्याच्या," मी म्हटलं. कुणी हरकत घेतली नाही, घसे तेवढे साफ केले. तुकडा बाईंना मिळाला.

तुझा रिकाम्या हाताचा भाचा,
बार्नबी

ता. क. बाईंना एकटीला तो तुकडा झेपणार नाही. अर्धा तुला द्यायला तयार आहेत. अट एकच, शेजारचं माणूस अबोल हवं.

आणखी एक ता. क. मी सांगून बसलोय की माझी आत्या दिवसाला चार वाक्यं बोलते. रविवारी बाई तुझ्याकडे चहाला येतायत. ओत, मान हलव, आणि दुसऱ्या कपापर्यंत तरी कळ काढ.