दा नांगहून आलेले चाळीस कुंचले

कुमानो,
१७ नोव्हेंबर २०११

चि. मिचिरु हिस तामेकिचीचे आशीर्वाद.

थंडी दाराशी आली आहे. मागच्या डोंगराची पाने लाल होऊन निम्मी गळाली. नारिंगी काकीफळे सोलून वाळायला ओसरीत टांगली आहेत. या वर्षी वीसच टांगली, एकट्याला त्याहून अधिक लागत नाहीत. तुमच्या व्हिएतनामात, दा नांगला, हिवाळा असतो की नाही, मला ठाऊक नाही. असल्यास प्रकृतीस जपावे.

तुझी नववर्षाची दोन्ही कार्डे वेळेवर पोहोचली होती. उत्तर पाठवले गेले नाही. येथे 'राहून गेले' असे लिहिणार होतो, परंतु ते खरे नव्हे. पाठवले नाही.

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, हे तू जाणतेस. युद्धाच्या अखेरच्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. सहासष्ट वर्षे लिहिण्याचे कुंचले केले. लिहिण्याची वेळ मात्र थोडी आली. शब्दकोश शेजारी घेऊन बसलो आहे. चुका राहिल्यास क्षमा असावी.

येथील सर्व ठीक आहे. कारखान्यातल्या हामाएबाईंचे गुडघे दुखतात, तोंड मात्र पूर्ववत चालते. कारखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे आपण तेल निघावे म्हणून कुंचल्यांचे केस भाताच्या तुसाच्या राखेत चोळत असू, तिथे आता नवे यंत्र बसवले आहे. भिंगांवरची धूळ पुसण्याचे बारीक कुंचले त्यावर होतात. सेनो मालक म्हणतात, यापुढे निम्मी मिळकत त्यातूनच येईल. माझा विरोध नाही. विरोध करून मी किती वेळा खोटा ठरलो, हे तुझ्याइतके कोणी पाहिलेले नाही.

शाळांतून सुलेखनाचे तास कमी झाले आणि थोरल्या मालकांनी बायकांच्या गालाला लावण्याचे कुंचले करायचे ठरवले, तेव्हा मी तीन दिवस कामावर गेलो नव्हतो. चौथ्या दिवशी गेलो, आणि पुढे कित्येक वर्षे माझ्या हातून गोल कुंचला म्हणून जे होत असे, त्याने अंगण झाडता आले असते. तू यासुनोरीशी लग्न होऊन आलीस, वर्षभर समोर बसून मुकाट पाहिलेस आणि एके दिवशी लाकडी साचा उथळ कोरून घेतलास. त्यात केस उभे केले की टोकांना कात्री न लावता आपोआप घुमट येई. आज न्यूयॉर्कला जाणारा प्रत्येक कुंचला त्या साच्यातून निघतो. त्या दिवशी मी "बरे आहे" एवढेच म्हणालो होतो. तेवढे पुरेसे नव्हते.

माझी प्रकृती उत्तम आहे. गेल्या महिन्यात किटलीला हात लागून दोन बोटे भाजली, ती बरी झाली. फोड आलेला हामाएबाईंनी पाहिला, तेव्हा मला समजले.

आता पत्राचे कारण लिहितो.

दोन तारखेला सेनो मालक स्वतः माझ्या बैठकीपाशी आले. हातात पुठ्ठ्याची पेटी होती. म्हणाले, "वस्ताद, मिचिरुबाईंनी पाठवलेत. चाळीस आहेत. जनावराचा एकही केस नाही, सगळा कृत्रिम धागा. जर्मनीवाल्यांना असलेच पाहिजेत."

मी म्हणालो, "धाग्याला कसले टोक आणि कसला जीव?"

"तेच तर त्यांनी करून दाखवलंय. धागा टोकाला निमुळता केलाय. आता त्यालाही केसासारखं उलटसुलट टोक आलं, आणि उलटा लागलेला धागा वेचायचा म्हणजे बोटंच लागणार. नीट ऐका, वस्ताद. तुम्ही 'चालेल' म्हणालात, तर नव्या वर्षापासून दा नांगचा माल परस्पर तिथूनच जाईल, आपल्या गावाचं नाव लावून. 'नाही' म्हणालात, तर तिथं नुसत्या दांड्या रंगवायचं काम उरेल. एकवीस मुली आहेत त्यांच्या हाताखाली. घाई नाही, पण पंधरा तारखेपर्यंत सांगा."

तुझ्या कामाचा निवाडा माझ्याकडे यावा, याला योगायोग म्हणता येणार नाही. या गावात मालावर तपासणीचा शेवटचा हात माझा असतो, म्हणून तो आला.

पहिल्या दिवशी मी चाळीसही कुंचले अंगठ्याने पसरून पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. तिसऱ्या दिवशी बोटे कोमट पाण्यात बुडवून, पुसून पाहिले. मिचिरु, मला काहीही लागले नाही. कुंचले निर्दोष होते म्हणून लागले नाही, असे मी तुला लिहू शकलो असतो. तू विश्वास ठेवला असतास की नाही, हे मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर, मी एक कुंचला गालावर फिरवून पाहिला. तेवढ्यात चष्मा विसरल्या म्हणून हामाएबाई परत आल्या. दारातच थबकल्या.

"अगंबाई! सत्त्याहत्तराव्या वर्षी रंगरंगोटी? कुणासाठी हो, वस्ताद?"

मी म्हणालो, "तपासणी चालली आहे."

"गालानं?"

त्या माझ्यासमोर, तुझ्या जागेवर, गुडघे धरत बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "द्या इकडं. तुमची बोटं गेलीत, हे मला काय आज कळतंय?"

"कधीपासून माहीत आहे?"

"मिचिरु गेली तेव्हापासून. जाताना तीच सांगून गेली ना. म्हणाली, मावशी, मामंजी घरी गेले की त्यांनी तपासलेल्या कुंचल्यांच्या तबकावरून एकदा हात फिरवत जा, आणि त्यांना कळू देऊ नका. अडीच वर्षं फिरवतेय. गुडघे काय उगाच दुखतात होय माझे? रोज तासभर जास्त बसते मी."

त्या हसल्या. मला हसू आले नाही.

यापुढचे तुला ठाऊक आहे, तरीही लिहितो. जे तुला ठाऊक आहे ते मी आजवर स्वतःच्या तोंडाने सांगितलेले नाही.

चार वर्षांपूर्वी यासुनोरीच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला तू एकटी देवळात गेलीस. न्यूयॉर्कची खेप संध्याकाळी रवाना व्हायची आहे, मला उठता येणार नाही, असे मी तुला सांगितले. खेप दुसऱ्या दिवशीही गेली असती. मी विचारले असते तर मालकांनीच मला देवळात धाडले असते. मुलाच्या नावाची पाटी समोर ठेवून भटजी मंत्र म्हणत असता तिथे बसणे मला जमले नसते, म्हणून मी केस वेचत बसलो. त्या खेपेचे तुझे काम अर्धे झालेले होते. उरलेले दीडशे कुंचले मी पुरे केले. त्या दिवशी डोळ्यांसमोर काही दिसत नव्हते, आणि बोटांवर मी विसंबलो. ती त्याआधीच बोथटली होती. ते मला थोडे कळत होते, पण मान्य नव्हते.

मग खेपेच्या चिठ्ठीवर शिक्का उठवण्याची वेळ आली. आपल्याकडची रीत तू जाणतेस. कनिष्ठाने हाती घेतलेल्या खेपेवर ज्येष्ठाने आपला शिक्का उठवला, तर त्याला काम झेपले नाही असे चारचौघांत जाहीर होते. नवऱ्याच्या श्राद्धाला गेलेल्या सुनेची अशी शोभा मला करायची नव्हती. तुझ्या खणातून तुझा शिक्का काढून मी तो उठवला. तो शिष्टाचार होता. त्या दिवशी तरी ती फसवणूक नव्हती.

फसवणूक तीन महिन्यांनी झाली. खेप परत आली. केसांची मुळाकडची टोके वर राहिली आहेत, गालाला टोचतात, असे तिकडून कळवले होते. सकाळी सगळे जमलेले असताना मालकांनी चिठ्ठी पुढे केली. "मिचिरुबाई, ही खेप तुमची?"

तू चिठ्ठीकडे पाहिलेस. मग माझ्याकडे पाहिलेस. ते पाहणे फार वेळ नव्हते. मी मोजले तर दोन श्वासांचे भरेल. मला तोंड उघडण्यासाठी तेवढा अवधी तू दिलास, हे मला त्याच वेळी समजले होते.

मी तोंड उघडले. "नऊ वर्षे समोर बसून हेच शिकलीस? हे हात कुंचल्याचे नव्हेत. खराट्याचे आहेत."

तू वाकून म्हणालीस, "मामंजी, चूक झाली."

त्यानंतरही वर्षभर तू माझा भात शिजवलास. दा नांगच्या नव्या शाखेत कोणी जायचे, असे मालकांनी विचारले, तेव्हा तू हात वर केलास. लोक म्हणाले, सून रागावून गेली. मी ते म्हणू दिले. रागावलेल्या माणसाविषयी मनात अढी धरता येते. जाताना माझ्या तबकाची व्यवस्था लावून गेलेल्या माणसाविषयी काय धरावे, ते मला अजून सापडलेले नाही.

हामाएबाईंनी तुझे चाळीस कुंचले तपासले. मी समोर बसून होतो. एका कुंचल्यात एक धागा उलटा निघाला. त्या म्हणाल्या, "चाळीसात एक. तुमच्या ऐन भरातही एवढा निघायचा, वस्ताद. तेव्हा मी बोलत नव्हते, इतकंच." तो धागा सोबतच्या पाकिटात घातला आहे. कोणत्या मुलीच्या हातचा आहे ते पाहावे. तिला रागावू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि सर्व सांगितले. त्यांनी उठून खोलीचे दार लावून घेतले. मग म्हणाले, "वस्ताद, झालं ते झालं. हे आपल्या दोघांतच राहू द्या. तुमचं नाव आहे गावात. मी मिचिरुबाईंना फोन करतो."

मी म्हणालो, "तिला मी सर्वांसमोर बोललो होतो."

"म्हणून आता सगळ्यांसमोर सांगणार? या वयात?"

"याहून मोठे वय मला मिळेल याचा भरवसा नाही."

मग कारखान्यात सर्वांना जमवले. चौदा माणसे होती. त्या दिवशीचे नऊजण त्यांत होते, बाकीचे नंतर आलेले. मी उभा राहून सांगितले की ती खेप माझ्या हातची होती, शिक्का मी उठवला होता आणि हिराओका मिचिरुने दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली होती. तुझे माहेरचे नाव मी मुद्दाम घेतले. हिरोनाका या माझ्या घराण्याच्या नावाने तुझे भले केलेले नाही. मागच्या खोलीतले यंत्र तेवढे चालू होते. शेवटी हामाएबाई म्हणाल्या, "बसा आता. चहा निवतोय." मी बसलो, आणि मग माझ्या ध्यानात आले की मी बैठकीवर बसलो नव्हतो, पाहुण्यांच्या बाकावर बसलो होतो.

निवाडा मी दिला नाही, देण्याचा मला अधिकार नव्हता. मी मालकांना एवढेच सांगितले की दा नांगच्या मालावर शेवटचा हात तुझा असावा आणि त्यावर येथे कोणी पुन्हा हात ठेवू नये. त्यांनी ते मान्य केले. नव्या वर्षापासून माल तिथूनच जाईल. अधिकृत पत्र तुला मिळेलच.

मी गेल्या सोमवारपासून कामावर जात नाही. मालकांनी तसे सांगितलेले नाही. सकाळी सवयीने जाग येते, डबा भरतो आणि ओसरीत बसून खातो. घर दोन खोल्यांचेच आहे, पण आता त्यांतली एक पुष्कळ होते. तुझी गादी उन्हात घालावी म्हणून काढली होती. जड झाली, तशीच परत ठेवली.

सत्तावीस तारखेला यासुनोरीचे सहावे वर्षश्राद्ध आहे. मी जाणार आहे. तू यावेस असे मी म्हणत नाही. एवढ्या मुलींना टाकून येणे बरोबर होणार नाही. तिथे बसून काय करायचे असते, ते तू मला कधी सांगितले नाहीस आणि मी कधी विचारले नाही. हामाएबाई म्हणतात, काही करायचे नसते.

एक गोष्ट लिहायची होती, ती शेवटपर्यंत मागे ठेवली. दर वर्षी तुझे नमुने येथे येत. मालक पेटी समोर ठेवत, आणि झाकण उघडण्यापूर्वी मी थोडा वेळ थांबत असे. काही तपासण्यासाठी नव्हे. ती पेटी तुझ्या हातची बांधलेली असे. जानेवारीपासून पेट्या येणार नाहीत. तसे मीच मागून घेतले आहे, आणि ते योग्य आहे. योग्य आहे, हे मी रोज सकाळी एकदा म्हणतो.

या पत्रास उत्तर द्यावे, असे बंधन तुझ्यावर नाही. बंधने मी पुष्कळ घातली.

तुझी हरकत नसल्यास, तुझा सासरा,
हिरोनाका तामेकिची