रुंद पट्टा

४ मार्च

दवाखान्यातला टीव्ही बंद केला आहे. गावाने सुतक पाळावं अशी घटना. डॉक्टर ह्यॉन शहरात कसलंसं शिबिर करून आले — आता बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, बाही वर. जेजू बेटावरच्या बायकांना पाच मिनिटं गप्प! त्यापेक्षा श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी राहणं सोपं.

सासूबाईंना, म्हणजे आईंना, तर दोन्ही जमतं. विशीपासून बुड्या मारून शंख-शिंपले काढताहेत. आज गप्प बसल्या, तरी आकडा एकशे अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले, "गोळी वाढवू. उतरेपर्यंत बुडी बंद."

बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "मग काय आता, तुझी भांडी घासू?"

९ मार्च

खारवलेल्या मासळीची बरणी कपाटावर चढवली. मीठच नडलं, दुसरं काय!

आई जेवताना वर बघतात. "सूनबाई, तुरुंगातसुद्धा किमचीचं लोणचं देतात."

मी उभ्या उभ्या स्टुलावर चढून दोन चमचे खाते. मला कुठे बीपी आहे.

१५ मार्च

बाकीच्या बाया पाण्यात. आई धक्क्यावर बसून त्यांच्या शिळा ऐकत होत्या — वर येऊन श्वास सोडताना प्रत्येकीची शीळ वेगळी. उठायला गेल्या आणि चक्कर येऊन दगडावर कोसळल्या. कपाळाला चार टाके.

त्यांची बुडीतली जोडीदारीण ओकह्वा मावशी पाठीवर घालून घेऊन आली. म्हणाली, "पाण्यात कधी बुडाली नाही. गोळीने कोरड्यावर बुडवली."

 

१६ मार्च

डॉक्टरांनी बीपी घ्यायला पट्टा फुगवला आणि तो चर्रकन सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. त्यांनी पट्टा उलटून त्यावरची खूण पाहिली. मग टेप आणून आईंचा दंड मोजला.

"तोकडा पट्टा जाड दंडावर आकडा फुगवून दाखवतो. शिबिरात सांगितलं होतं. माझ्या लक्षात गप्प बसण्याचंच राहिलं."

"समुद्राने कमावलेला दंड आहे," सोबत आलेली मावशी म्हणाली. "चिमणीचा पाय नव्हे."

वाढवलेली गोळी बंद. रुंद पट्टा मागवलाय.

२१ मार्च

रुंद पट्टा आला. एकशे बत्तीस. थांबून पुन्हा — एकशे अठ्ठावीस. दुसऱ्या हातालाही तेवढंच.

डॉक्टर उठून माफी मागायला कमरेत वाकले. आई म्हणाल्या, "सरळ व्हा, पाठ धरेल. बुडीचं बोला."

"टाके निघू देत. आठवडाभर चक्कर आली नाही, तर जा."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. म्हणजे थोडंसंच.

२९ मार्च

आई पाण्यात गेल्या. मी धक्क्यावर उभी राहिले. शीळ ऐकू आली, मगच हलले.

वाटेत दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही बसा." माझा दंड बारीक, पट्टा नेहमीचाच, खुणेवर बरोबर बसला. पाच मिनिटं गप्प. एकशे बहात्तर. पुन्हा घेतलं. एकशे सत्तर.

संध्याकाळी बरणी खाली काढली आणि आईंच्या वाटीशी ठेवली. माझा चमचा धुऊन आत ठेवला.